उन्हात न येणारा हात

बसा भाऊ, च्या घ्या. एक गोष्ट सांगतो. फक्त मधातच उठू नका, मंग मले बाकीची सांगनं होत नाही.

दिवाळी झाली अन ढाणकीच्या खालतं, पैनगंगेवर सुरभी मॅडम आल्या. नदीचा गाळ किती जुना हाय, ते काढाले. मी दरड तासून देल्ली. मॅडम त्याच्यात वीतभर लोखंडी पाइप ठोके, काढला का दोन्ही तोंडं बंद करून काळ्या पन्नीत गुंडाळे.

"उजेड लागला की वाया गेलं, काका. या वाळूनं शेवटचं ऊन पाहून तीस हजार वर्षं झाली असतील. अंधारात किती राहिली, तेच आम्ही मोजतो."

"एवढ्यात तं आमची म्हैसबी व्याली असती," मी म्हनलं. मॅडम लय हासली.

माही बायको सुखीबाई भाकर घेऊन आलती. तिच्या मायची सवय, जमिनीतून काही काढलं तं जागा रिकामी ठेवाची नाही. मूठभर ज्वारी घेतली अन पाइपाच्या भोकात हात घातला. कोपरापावतर गेला.

"अवो, अंदर लय खोल हाय."

पाइप तं वीतभराचा होता.

हात काढला तं बरफ.

दुसऱ्या दिवशी आंगनात कापूस वाळू घालून राह्यली होती. भर दुपार. कापसावर ऊन, लुगड्यावर ऊन. त्या हातावर नाही. अंधाऱ्या खोलीत असावा तसा हात. बांगड्या वाजत, पन दिसत नोत्या. सावली कायची पडली म्हनून मी वर पायलं. वर काहीच नोतं.

आठ दिवसांत थो अंधार खांद्यापावतर चढला. डॉक्टरनं सुई टोचून पायली, म्हने नस चांगली हाय. मंग मॅडमले बलावलं. तिनं चष्मा पुसला, पुन्हा पायलं. दरडीतलं भोक तं गावलंच नाही.

"काही कर ना बाई. तुह्याच कामातलं हाय हे."

"काका, मला फक्त मोजता येतं."

मंग गळा गेला.

परवा तोंड.

थे पाहा, तिकडं उन्हात बाजेवर बसली. बोलते बराबर. "काहून असे पाहून राह्यले?" म्हनते. पन हासून म्हनते का रडून, मले दिसत नाही.

तुमचे डोळे जवान हायत, भाऊ. जरा जवळ जाऊन पाहा अन मले सांगा.