पहिल्या बाहुलीची उंची

तुमच्या आईच्या बाहुल्यांची यादी मी आनंदानं करून देईन. नंबर घालीन, फोटो काढीन, कपडा कुठला, चेहरा कुणाच्या हातचा, कुठं तडा गेलाय, सगळं लिहीन. फक्त उंची मोजणार नाही. तो रकाना तुम्ही भरा... पाय आत घ्या ना, रजईखाली. टेबलाखालची शेगडी लावलीय. चहा घेता घेता ऐका, आणि मग ठरवा मला काम द्यायचं की नाही.

गावच्या वस्तुसंग्रहालयात मी एकतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर लोकांच्या घरच्या संग्रहांच्या याद्या करून देऊ लागले. गेल्या फेब्रुवारीत मला तामाए ओइझुमींचा फोन आला. वय चौऱ्याऐंशी, लग्न केलेलं नाही, नदीपलीकडं एकट्या राहायच्या. मार्चअखेर वृद्धाश्रमात जायचं होतं. त्याआधी घरातल्या दोनशे चौदा बाहुल्यांची वाटणी लावायची होती. काही संग्रहालयाला, काही नातेवाइकांना, उरलेल्या देवळात, दहनाला.

"तीन आठवडे लागतील," मी म्हटलं.

"लवकर आटपलं तर बघ, बाई," त्या म्हणाल्या. फोनवर आवाज म्हातारा होता. दार उघडलं तेव्हा समोर कुणी दिसलंच नाही. मग मी खाली बघितलं.

तामाए-सान जेमतेम माझ्या छातीपर्यंत येत होत्या. वाकलेल्या नव्हत्या, हं. ताठ उभ्या होत्या. हात, पाय, पावलं, सगळं सात वर्षांच्या पोरीचं, आणि त्यावर तो सुरकुतलेला चेहरा. ओइझुमींच्या घरातली माणसं म्हणजे बांबू. भिंतीवर त्यांच्या बहिणीचा फोटो होता, त्यात ती नवऱ्यापेक्षा उंच. माझी नजर फोटोवरून त्यांच्याकडं गेली.

"बघ, बघ," त्या हसल्या. "सगळेच बघतात. बहीण एकशे पासष्ट सेंटिमीटर, मी एकशे अठरा. देवानं कापड कमी आणलं होतं."

त्या वर्षी बर्फ फार होतं. बर्फाच्या भारानं काचा फुटू नयेत म्हणून खिडक्यांवर बाहेरून फळ्या ठोकलेल्या. त्यामुळं भर दुपारी दिवा लावून काम करावं लागे. बाहुल्यांच्या खोलीत कापराचा वास, रॉकेलच्या स्टोव्हचा वास, आणि त्याखाली जुन्या केसांचा असतो तसा तेलकट वास. मधूनच छपरावरून बर्फ घसरायचं... आधी लांबलचक सरसर, मग धप्प. आणि पुन्हा शांतता.

तीन भिंतींना फळ्या. राजाराणीचे संच, मान फिरवली की कुईं करणाऱ्या लाकडी बाहुल्या, रेशमी कपड्यांतल्या बाळसेदार मुली. एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी खटकली. कुठलीच बाहुली दाराकडं तोंड करून नव्हती. सगळ्यांची तोंडं चौथ्या भिंतीकडं. तिथं फक्त एक उभी लाकडी पेटी होती.

फोटोसाठी मी दोन-चार बाहुल्या वळवल्या, तर तामाए-सान धावत आल्या.

"झालं की परत तशाच ठेव हं."

"का हो?"

"पहारा आहे तो," त्या म्हणाल्या. मला वाटलं, थट्टा करताहेत.

दोनशे तेरा बाहुल्या बारा दिवसांत आटपल्या. तेराव्या दिवशी त्यांनी एक जुनी वही माझ्या हातात दिली. पहिल्या पानावर लहान मुलीचं अक्षर होतं: *पहिली बाहुली. वडिलांनी आणली. मी सात वर्षांची. उंची तीस सेंटिमीटर. डाव्या कानामागं टवका.*

खाली दर नववर्षाच्या दिवशी एक नोंद. पस्तीस. एकेचाळीस. सेहेचाळीस. अक्षर मोठं होत गेलेलं, सुबक होत गेलेलं. शेवटची नोंद तामाए-सान सतरा वर्षांच्या असतानाची. सत्त्याहत्तर.

"दुसरी बाहुली असेल ही," मी म्हटलं. "किंवा मोजताना चूक झाली असेल."

"उघड पेटी. मोज. आणि तिच्याशी बोलू नको."

शिंपल्यांच्या पुडीचा लेप दिलेला पांढरा, गोल चेहरा. ओठ किंचित उघडे. अंगातला किमोनो तीन-चार वेगवेगळ्या कपड्यांचे पट्टे जोडून वाढवलेला. मी टेप लावली. सत्त्याहत्तर. डाव्या कानामागचे केस बाजूला केले... टवका होता.

सत्त्याहत्तरातून तीस गेले. सत्तेचाळीस. आणि एकशे अठरात सत्तेचाळीस मिळवले की... मी भिंतीवरच्या बहिणीकडं बघितलं. एकशे पासष्ट.

तामाए-सान उंबऱ्यावर बसल्या होत्या, आत येत नव्हत्या.

"तिला मूल लागतं," त्या हळू म्हणाल्या. "माझी वाढायची वर्षं सरली, आणि ती थांबली. म्हणून मी लग्न केलं नाही. या घरात कधी पोर येऊ दिलं नाही. या बाकीच्या आणल्या, तिच्यावर लक्ष ठेवायला. आता मी चालले... तुझ्या यादीत तिचं कुठं, काय लिहायचं, ते तू ठरव. मला काही सुचत नाही."

तेव्हा मी काय केलं माहीत आहे? मी त्यांना धीर दिला. म्हटलं, जुनं लाकूड दमट हवेत फुगतं. वयस्क माणसाला समजवावं तसं समजावलं. आणि नंबराच्या चिठ्ठीचा गोंद वाळावा म्हणून पेटीचं झाकण उघडं ठेवून चहा करायला गेले.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. तामाए-सानच्या भावाची नात चिआकि आली होती. पस्तिशीची, उंच, मोकळी बाई. हातात लोणच्याचा डबा. सोबत तिची सहा वर्षांची मुलगी, नागि.

"पोरीला आणू नको म्हटलं होतं ना मी!" तामाए-सान किंचाळल्याच.

"अहो मोठ्या आजी, रविवारी कुणाकडं ठेवू तिला? वृद्धाश्रमात जायच्या आधी एकदा भेटू दे म्हटलं, तर तुमचं हे! खाणार नाही ती तुमच्या बाहुल्या..." चिआकि बूट काढता काढता म्हणाली. मग मागं वळली. "नागि? अगं, नागि कुठं गेली?"

आम्ही तिघी धावलो.

नागि पेटीसमोर उभी होती. बाहुली बाहेर काढलेली. दोघी पाठीला पाठ लावून उभ्या, आणि नागिनं आपला तळहात डोक्यावरून मागं सपाट धरलेला, मुलं उंची बघताना धरतात तसा.

"काय करतेस गं?" चिआकिनं विचारलं.

"ही म्हणाली, कोण उंच ते बघू या."

"मग? कोण उंच?"

"मी," नागि खुशीत म्हणाली. "आत्ता मी."

चिआकि खळखळून हसली. तामाए-साननी पोरीला दंडाला धरून ओढलं, इतक्या जोरात की ती रडायला लागली. मग जे व्हायचं ते झालं. चिआकि म्हणाली, पोरीला एवढी आवडलीय तर देऊन टाका की ही. तामाए-सान म्हणाल्या, नाही. चिआकि म्हणाली, परक्यांच्या संग्रहालयाला पन्नास बाहुल्या, आणि घरच्या मुलीला एक नाही? तामाए-सान नुसत्या मान हलवत राहिल्या. चिआकि लोणचं तिथंच ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा टेप लावली. मीच स्वतःला हसत होते.

अठ्ठ्याहत्तर.

तीनदा मोजली. टेप बदलून मोजली. आठवड्यानं पुन्हा मोजली, तेव्हा एकोणऐंशी. त्याच संध्याकाळी मी काहीतरी निमित्त काढून चिआकिला फोन केला. यादीवर वारस म्हणून तिची सही लागणार होती, तेवढंच बोलायचं होतं.

"एप्रिलात नागिची शाळा सुरू होतेय, गणवेशाच्या गडबडीत आहे हो, कुवाबारा-सान," ती म्हणाली. "जानेवारीत माप देऊन शिवला, आणि आता गुडघ्याखाली येतोय. दुकानदारानं माप चुकीचं घेतलं, आणि वर मलाच म्हणतो, बाई, पोरं वाढतात, कमी होत नाहीत!"

फोन ठेवला तेव्हा तामाए-सान माझ्याकडं टक लावून बघत होत्या. मी काही न सांगता त्यांना कळलं.

एकतीस वर्षांत मी यादीत एकही खोटा शब्द लिहिला नव्हता. त्या संध्याकाळी पहिल्या नंबरापुढं लिहिलं: *आतून कीड. देण्याजोगी नाही. देवळात दहन.* चिआकिनं आठ दिवसांनी सही केली. वर फक्त म्हणाली, "बरं झालं दिली नाही ती."

पेटी मी स्वतः देवळात नेऊन दिली. तिथं बाहुल्यांचं दहन वर्षातून एकदाच, तीन एप्रिलला.

"त्याआधी नाही का होणार?" तामाए-साननी विचारलं.

"लांबून लांबून लोक बाहुल्या पाठवतात. सगळ्यांसाठी मिळून एकच विधी असतो."

"पण मी आहे तोवर व्हायला हवं गं, मित्सुयो... मी आहे तोवर." माझा हात त्यांनी घट्ट धरला. बोटं इवलीशी, पकड मात्र चिवट. "जे माझं आहे, ते सुटल्यावर माझ्याकडं यायला हवं."

मी म्हटलं, विचारून बघते. विचारलं. भटजी नाही म्हणाले. माझ्या परसात पत्र्याच्या पिंपात मी तिला जाळू शकले असते. दोनदा पेटी परत आणायला निघाले, आणि दोनदा पुलावरून मागं फिरले. अगदी खरं सांगते, ती एकटीनं पेटवायची मला हिंमत झाली नाही.

तामाए-सान तीस मार्चला वारल्या. वृद्धाश्रमात, झोपेत.

तीन एप्रिलला मी दहनाला हजर होते. पुढच्या रांगेत. बाहुली इतर बाहुल्यांसारखीच जळली. लेप तडकला, केसांचा वास सुटला, किमोनो काळा पडून गुंडाळला गेला. काहीही झालं नाही. कुणी ओरडलं नाही. मी घरी येऊन पोटभर जेवले आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

एप्रिलअखेर चिआकिचं पत्र आलं. नागि शाळेत रुळली, गणवेश आता बरोबर बसतो. मी ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलं.

जूनमध्ये दुसरं आलं. गणवेश आखूड झाला. *कोंब फुटल्यासारखी वाढतेय, ओइझुमींचं रक्त!* ऑगस्टमध्ये फोटो आला. समुद्रकाठी दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या. नागिचं डोकं चिआकिच्या कानाला लागत होतं. पत्रात हसरं वाक्य एकही नव्हतं. *डॉक्टर तपासण्या करताहेत. रात्री पाय दुखतात म्हणून रडते.*

मी कागद घेऊन बसले. तामाए-सानचे सत्तेचाळीस आणि नागिचे दोन, एकोणपन्नास. फोटोत तेवढे जवळजवळ भरले होते. म्हणजे सगळं बाहेर आलं होतं. चुकीच्या जागी आलं, पण आलं, आणि आता संपलं. आता थांबेल, असं मी स्वतःला सांगितलं. चिआकिलाही तेच लिहिलं, कारण मात्र लिहिलं नाही. धीर धरा, थांबेल.

परवा मंगळवारी, दुपारी, तिचा फोन आला. आवाज इतका दबका की मला रेडिओ बंद करावा लागला.

"कुवाबारा-सान... त्या बाहुलीला कीड लागली होती ना? तुम्ही लिहिलं होतंत."

"हो."

"खरंच लागली होती?"

मी खाली बसले.

"थांबेल म्हणाला होतात," ती म्हणाली. "थांबत नाहीये. शाळेत बसवून घेत नाहीत आता. चेहरा तसाच आहे हो तिचा... तस्साच, सहा वर्षांचा. दुधाचे दातसुद्धा पडले नाहीत."

"किती... किती उंची आहे आता?"

"मोजायचं सोडलं आम्ही. सप्टेंबरातच."

"तुम्ही घरी एकट्या आहात का? बसा आधी. बसून बोला."

"नाही," ती पुटपुटली. "बसले की फारच... उभीच बरी."

"नागि कुठं आहे, चिआकि-सान?"

मग अगदी फोनला ओठ लावून, ओठही न हलवता बोलावं तसं ती म्हणाली,

"इथंच... माझ्या मागं. वाकून ऐकतेय."