बाईंचं दुखणं

बालाघाटच्या मुलींच्या एका सरकारी शाळेत सत्यभामाबाई पाचवीला शिकवीत. शाळा हिंदीची, म्हणून बहुतेक मुली त्यांना बहनजी म्हणत. गोंदियाकडून आलेल्या घरांतल्या मुली मात्र बाईच म्हणत. नवरा मलेरियानं जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात त्या आणि त्यांची मैना, दोघीच. मैना त्यांच्याच वर्गात होती आणि पहिलीपासून तिचा पहिला नंबर कधी चुकला नव्हता. तो नंबर पोरीपेक्षा बाईंनीच जास्त कमावला होता. पहाटे पाचला तिला उठवायचं, तोंडावर पाणी मारायचं, पाढे म्हणून घ्यायचे. शेजारच्या राईस मिलचा भोंगा व्हायच्या आत दोन पानं शुद्धलेखन झालेलं असायचं.

त्रेसष्ट सालच्या जुलैत डोमाजी नावाचा माणूस आपल्या पोरीला घेऊन शाळेत आला. तो राजेगावचा, सडकेच्या कामावर गिट्टी फोडायला होता. पोरगी नऊ वर्षांची, काडीसारखी.

"बाई, इले लिहितावाचता येते," तो म्हणाला. "कोनी शिकवलं नाही."

बाईंनी पाचवीचं पुस्तक पोरीपुढे धरलं. पुष्पलता नाव तिचं. ती घडाघडा वाचू लागली. धडा हरणाच्या पाडसाचा होता. अर्ध्या पानावर ती थांबली, ओठ पांढरे पडले आणि तिनं पुस्तक मिटलं.

"पुढं काहून वाचत नाहीस?"

"त्याले तहान लागून राह्यली, बाई."

बाई हसल्या. तिला वर्गात घेतलं. त्या दिवशी पुष्पलतानं जेवणाच्या सुट्टीत पाण्याचा थेंब घेतला नाही.

दिवाळीच्या आधी तिमाही परीक्षा झाली. पुष्पलता पहिली आली, मैना दुसरी. बाईंनी पुष्पलताची गणितं तीनदा तपासली. चूक सापडावी म्हणून तपासली, हे त्यांचं त्यांना कळत होतं. चूक नव्हती. डाव्या बाजूला, काखेजवळ, गरम खडा अडकावा तसं काहीतरी त्यांना दुखू लागलं. वर्गात ती पोरगी उत्तराला उठली की खडा तापायचा. मैना तिच्याकडे कौतुकानं बघायची, तेव्हा तर जास्तच.

"आई, ती लय चांगली हाये," मैना एका संध्याकाळी म्हणाली. "मले गणित तिनंच समजावलं."

बाईंनी लाकडी पट्टी घेतली आणि मैनाच्या डाव्या तळहातावर तीन मारल्या. आजवर त्यांनी पोरीला कधी मारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुष्पलता डावा हात फ्रॉकच्या घोळात लपवून बसली होती. बाईंनी तो उघडायला लावला. तळहातावर तीन वळ होते, काळेनिळे.

"बापानं मारलं?"

"नाही."

"मग कोनं?"

पोरीनं मूठ मिटून घेतली. बाईंनी मैनाला जवळ बोलावून तिचा हात पाहिला. तळहात स्वच्छ होता.

"झोपताना लय दुखत होतं," मैना म्हणाली. "मग थांबून गेलं."

सत्यभामाबाई मास्तरकीचं नॉर्मल स्कूल पास झालेल्या होत्या. अंगात येणं, नजर लागणं, असल्या गोष्टींवर त्या बायकांना चारचौघींत फटकारत. डोमाजीनंच मारलं असणार आणि पोरगी बापाला सांभाळून घेते आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

पण आठवड्याभरानं पुष्पलता वही दाखवायला टेबलाशी आली आणि तिनं स्वतःच्या डाव्या काखेजवळ हात ठेवला.

"बाई, तुमाले इथं काहून दुखते?"

"जा, जागेवर बैस."

ती गेली. बाई खडू उचलायला वाकल्या आणि त्यांना कळलं की खडा नाही. छाती मोकळी, हलकी. कितीतरी दिवसांनी त्यांनी पोटभर श्वास घेतला. संध्याकाळी खडा परत आला. पुष्पलता मात्र तापानं दोन दिवस शाळेत आली नाही.

मग बाईंनी एकदा मुद्दाम करून पाहिलं. बुधवार होता, हस्तकलेचा तास. त्या पुष्पलताशेजारी बाकावर बसल्या आणि त्या पहिल्या नंबराचा विचार करत राहिल्या. दुसरं काही केलं नाही. पाचेक मिनिटांत पोरगी उठली, दारापर्यंत धावली आणि उंबऱ्यावरच ओकली. मैना तिची पाठ चोळत होती. बाई बाकावर बसून राहिल्या. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही.

फेब्रुवारीत जिल्ह्याची परीक्षा होती. पहिल्या येणाऱ्या मुलीला जबलपूरला वसतिगृहात राहून पुढं शिकायची जागा मिळणार होती. मैनानं तिथं जावं, म्हणून तर त्या सगळ्या पहाटा होत्या. परीक्षेच्या खोलीवर देखरेखीला बाईंचीच नेमणूक झाली.

खिडकीबाहेर पळस फुलला होता. दूर गोंदियाच्या छोट्या गाडीची शिटी झाली. मुली माना खाली घालून लिहीत होत्या. बाई चालत चालत तिसऱ्या रांगेत आल्या आणि पुष्पलताच्या बाकाशी थांबल्या.

तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. अर्धा पेपर संपला होता.

बाईंनी खडा तापू दिला. या वेळी त्यांनी त्याला अडवलं नाही.

पोरीच्या कपाळावर घाम आला. पेन्सिल थांबली. तिनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीतीही नव्हती. दुखणाईताकडे बघावं तसं ती बाईंकडे बघत होती.

"लय दुखते ना, बाई?" ती हळूच म्हणाली. "सर्व देऊन टाका. मी घेतो."

आणि बाईंनी दिलं.

पेन्सिल खाली पडून घरंगळत गेली.

डोमाजीनं पोरीला दोन्ही हातांवर उचलून घरी नेलं. तिचे डोळे उघडे होते.

निकाल एप्रिलमध्ये आला. सकाळी दहाला मोठ्या बहनजींनी तो वाचून दाखवला. मैना जिल्ह्यात पहिली. टाळ्या झाल्या, कुणीतरी बाईंना मिठी मारली. बाई आनंदाची वाट बघत उभ्या राहिल्या. तो आला नाही. थकव्यानं असेल, त्यांना वाटलं.

दुपारी डोमाजीची बायको शेवंताबाई दारात आली. पोरगी दोन महिने अंथरुणावर होती, एक शब्द बोलली नव्हती.

"आज हासली, बाई," शेवंताबाई म्हणाली. "उठून बसली, टाळ्या वाजवल्या. पयली आली, पयली आली म्हने. दहा वाजता का झालं होतं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या.

त्याच महिन्यात डोमाजी बायकोपोरीला घेऊन राजेगावला परत गेला.

जुलैत बाईंनी मैनाला जबलपूरच्या गाडीत बसवलं. मैना खिडकीतून हात हलवत हुंदके देत होती. फलाटावरच्या अनोळखी बायकांनीही डोळ्यांना पदर लावला. बाईंनी सामान नीट ठेवलं आहे ना, ते पाहिलं. गाडी गेल्यावर त्या बाजारात गेल्या आणि वांगी घेऊन घरी आल्या. छाती मोकळी होती. परीक्षेच्या दिवसापासून ती मोकळीच होती.

नोव्हेंबरात एका सकाळी दारात डोमाजी उभा होता. पहिल्या मोटारीनं आला होता.

"बाई, तुमच्या घरी सर्व ठीक आहे ना?"

"हौ. काहून?"

"पोरगी काल दुपारपासून रडून राह्यली. ऊर बडवून घेते, जमिनीवर लोळते. दोघा माणसांच्यानं आवरत नाही."

"डॉक्टरले दाखवा, डोमाजी."

"दाखवलं." तो घुटमळला. "ती माही पोरगी गेली म्हनते, बाई. माही पोरगी, माही पोरगी. दहा वर्साचं लेकरू ते. तिले पोरगी कुठली?"

बाईंनी डाव्या काखेजवळ हात ठेवला. तिथं काही नव्हतं. लुगड्याचा पदर होता, त्याखाली हाडं होती.

"बसा," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."

त्यांनी चूल पेटवली, दोन कप पाणी मोजून पातेलीत ओतलं. बाहेर गल्लीत एक सायकल थांबली. खाकी कपड्यांतला माणूस शेजाऱ्याला सत्यभामाबाईंचं घर विचारत होता. त्याच्या हातात तारेचा कागद होता.

बाईंनी खिडकीतून त्याला पाहिलं आणि पातेलीत आणखी एक कप पाणी टाकलं.