रुळाचा टोला

दुपारच होती, पण नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमवर अंधार कधीच उतरला होता. बांधकामाची इंजिनीअर इंगुन विजेरी घेऊन नव्या शाळेच्या तळघरात निघाली. काम साधंच होतं. जुन्या, पक्क्या झालेल्या स्लॅबखालचे टेकू काढून झाले का, एवढं बघून यायचं.

नाताळच्या आत छत चढलंच पाहिजे, असा मुख्य कचेरीचा हुकूम होता. त्यापायी जेवणाची सुट्टी बंद झाली. सुट्टीला ठोकायचा फाटकाजवळचा रुळाचा तुकडाही उतरवला गेला. तो इंगुनच्या खोलीत टेबलाखाली पडला होता. माणसं उभ्या उभ्या पाव गिळत, आणि आज बांधलेली भिंत वाकडी निघाली म्हणून उद्या पाडत.

"थकलेला माणूस जास्त वेळ राबतो, जास्त काम करत नाही," ती सकाळीच फोनवर म्हणाली होती.

"कॉलेजात शिकवलं वाटतं?" एवढंच म्हणून मुख्य कचेरीतल्या राम्स्टाडसाहेबांनी फोन ठेवला होता.

खाली ओल्या सिमेंटचा वास कोंदला होता. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मुकादम ऑडुन आणि त्याची माणसं मान खाली घालून टेकू सोडवत होती.

"किती राहिले, ऑडुन?"

"ही शेवटची ओळ. पोटात नुसती कॉफी आहे, त्यामुळे एकीच्या दोन दिसतायत."

"मग बायकाही दोन दिसत असतील," अंधारातून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

तेवढ्यात वरून आवाज आला. लोखंडावर लोखंड. संथ... टण्ण... टण्ण...

सुट्टीचा टोला. हात आपोआप थांबले, हातोडे खाली आले.

"कुणी टांगला परत?" इंगुनने विचारलं.

"मला काय ठाऊक... पण भूक खरी आहे," म्हणत ऑडुन जिना चढू लागला. बाकीचे त्याच्या मागे गेले. इंगुन सगळ्यांच्या शेवटी वर पोचली, आणि तिच्या पाठीमागे काहीतरी लांबलचक कण्हलं. मग स्लॅब खाली कोसळला आणि धूळ उसळली.

धूळ बसल्यावर तिने जिन्यावरून विजेरी खालच्या खांबावर मारली. त्यावर स्लॅब ओतल्याच्या तारखेचा आकडा लालभडक रंगवलेला होता. टेकू जुन्या स्लॅबचे नव्हे, कालच ओतलेल्या स्लॅबचे काढले होते. तो आकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, तिच्यासुद्धा. कुणाच्याच डोक्यात शिरला नव्हता.

फाटकाजवळची साखळी रिकामी होती. तिने खोलीचं कुलूप उघडलं. रूळ टेबलाखालीच होता. तिने तळहात टेकवला... आत अजून थरथर होती.

तिने फोन उचलला. "साहेब, तळघरावरचा स्लॅब कोसळला. उद्यापासून सुट्टी चालू. छत नाताळात होणार नाही. चालत नसेल तर दुसरा इंजिनीअर बघा."

मग साहेबांनी हळूच विचारलं, "खाली... किती जण होते?"

"कुणीच नाही. सुट्टी झाली होती."

त्यानंतर एकही भिंत पाडावी लागली नाही. वसंतात छत चढलं. रिवाजाप्रमाणे शेंड्यावर हिरव्या डहाळ्यांचं कडं बांधलं, आणि त्याच छताखाली मालकाच्या वतीने साहेबांनी स्वतः आंबट सायीची गरम पेज वाढली.

"आणखी वाढा, साहेब," ऑडुन म्हणाला. "पाडलेल्या भिंतींचा हिशोब बाकी आहे."

सगळे पोट धरून हसले. रूळ पुन्हा फाटकाजवळ टांगलेला होता. सगळी माणसं इथेच, ताटावर होती.

टण्ण...

साहेबांची पळी हवेतच राहिली. सगळे उठले आणि चालत बाहेर मोकळ्यावर आले. ऑडुनने येताना पेजेचं पातेलं तेवढं उचलून आणलं.