सारसाचा डावा पंख

काचकपाटावरचे कापड ओढले आणि मामांच्या हातातला फडका हातातच राहिला.

काच आतून धुरकटली होती. कडाक्याच्या थंडीत खिडकीवर वाफ धरते, तशी. त्या वाफेत, आतल्याच बाजूने, एक पंजा उमटला होता: पाच बोटे, तळवा, मनगटाची कड. पंज्यापलीकडे काळीभोर पेटी होती. तिच्या झाकणावर शिंपल्याच्या चकत्यांचा सारस उभा होता. त्याचा डावा पंख गेली बावीस वर्षे तुटलेला होता. आज तो जागेवर होता.

मामा या संग्रहालयाचे सर्वांत जुने पहारेकरी. त्यांनी कुलूप उघडले, आरडाओरडा न करता कार्यशाळेतून कारागीर ताईंना बोलावून आणले, दोघांनी तो पंजा पाहिला. आणि मग मामांनी काच पुसून टाकली.

“का पुसलीत?” तासाभराने येऊन पोहोचलेल्या तपासनीस बाईंनी विचारले.

“सवय, बाई. तीस वर्षं काचेवर डाग दिसला की हात जातोच. पुसल्यावर लक्षात आलं, काय पुसलं ते.”

तपासनीस बाई विश्वस्त मंडळाच्या. संग्रहालयांतल्या हरवल्या-मोडल्याची चौकशी हे त्यांचे काम. त्यांनी दालनात एक फेरी मारली. आशियाई शोभाकलांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन दुपारी चारला होते. भिंतीलगत रेशमी पडदे, शेवाळी झिलईचे चिनीमातीचे कलश, तांब्याच्या तारेवर मिना भरलेल्या सुरया. सगळे सोमवारपासून मांडून, कापडांखाली झाकून ठेवलेले. आज शुक्रवार. हवेत एक आंबूस वास होता.

“हा वास कसला?”

मामांनी आवाज खाली आणला. “रोगणाचा. ताईंचे वडील, इथले जुने कारागीर मास्तर, गेले त्याला एकवीस वर्षं झाली. ते असेच काचेवर तळहात टेकवून वाकायचे आणि पेटीशी बोलायचे. पंख त्यांच्या हातून हरवला, असं दप्तरात लिहिलंय. ते मनाला लावून घेऊनच गेले ते. आता येऊन काम पुरं करून गेले. माझ्यापुरतं म्हणाल तर मला त्यात वावगं काही दिसत नाही.”

“भुताला कुलूप उघडावं लागत नाही, मामा. माणसाला लागतं. किल्ल्या किती?”

“दोन. एक माझ्याकडे, वही भरून द्यायची. दुसरी साहेबांकडे. माझ्याकडची शेवटची नोंद सोमवारची. ताईंनी पेटी मांडली तेव्हाची.”

बाईंनी कपाटाच्या कोपऱ्यातला आर्द्रतेचा काटा पाहिला. पंचावन्नवर असायला हवा, तो मघापर्यंत नव्वदवर होता असे मामा म्हणाले. कपाटाच्या तळाला एक जाळीदार खण होता. बाईंनी तो ओढला. आत चौपदरी घडीचे कापड होते, ओले, गार.

दालनाच्या दारात संग्रहालयाच्या कार्यशाळेचा एक जुना फोटो मोठा करून लावलेला होता. मध्ये मास्तर, शुभ्र मिशा, हातात कुंचला. त्यांच्या पुढ्यात स्टुलावर दहा-अकरा वर्षांची मुलगी. आणि अगदी कडेला, अर्धा चेहरा सावलीत, एक किडकिडीत तरुण. त्याच्या दोन्ही मनगटांना पट्ट्या होत्या. खाली ओळ होती: ‘मास्तर, त्यांची कन्या आणि एक शिकाऊ.’

बाई त्या फोटोपुढे जरा जास्तच वेळ थांबल्या.

*

संचालकांची खोली टापटीप होती. माणूसही तसाच: बंद गळ्याचा कोट, मनगटापर्यंत बटणे, हातांत प्रदर्शनाचे पांढरे सुती हातमोजे. पुढच्या महिन्यात ते मुदतीआधीच निवृत्त होणार होते. त्यांनी थकलेल्या, सौम्य आवाजात सांगितले ते असे. सोमवारी सकाळी पेटीचे फोटो निघाले, त्यांत पंख तुटलेलाच आहे. दुपारी मास्तरांच्या मुलीने ती कपाटात ठेवली. आज पंख अखंड. तेव्हा विश्वस्तांचा निष्कर्ष एकच: ही पेटी नक्कल आहे, अस्सल पेटी बाहेर गेली. अशी नक्कल या गावात एकच माणूस करू शकेल.

“तुम्हालाही तसंच वाटतं?”

“माझ्या वाटण्याला काय किंमत? त्यांनी निलंबनाचं पत्र पाठवलंय. चारच्या आत तिला ते द्यायचंय. त्यानंतर पोलीस.”

त्यांनी पत्रावर सही केली. हातमोजा न काढता केल्यामुळे ती वेडीवाकडी आली. मग टेबलाच्या कडेवर मनगट हलकेच घासत ते क्षणभर थांबले, आणि शिक्का काढण्यासाठी खिशातली खणाची किल्ली बाईंबरोबर आलेल्या मामांच्या हातात दिली. मामांनी खण उघडला.

“पत्र माझ्याकडे द्या,” बाई म्हणाल्या. “मी पोहोचवते.”

*

कार्यशाळा तळमजल्याच्या टोकाला होती. मास्तरांच्या मुलीने वर पाहिले नाही. केसासारख्या बारीक कुंचल्याने ती एका तबकाची कड भरत होती. तिच्या नखांच्या कडा कायमच्या काळ्या झालेल्या होत्या. हात मात्र नितळ.

“पत्र आणलंत ना? तिथे ठेवा. एवढी रेघ पुरी होऊ द्या. मध्येच सोडली की जोड दिसतो.”

बाई रेघ संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मग विचारले, “पेटी खरी की खोटी?”

“खरी. तळाचा क्रमांक, आतला ओरखडा, वजन, सगळं तेच. ते कुणालाही तपासता येईल. पण भिंग घेऊन पंख बघा. शिंपल्याला अंगचे रंग असतात, पाण्यावरच्या तेलासारखे. सारसाच्या अंगातली हिरवी लहर जोडावरून थेट पंखात जाते. दुसऱ्या शिंपल्यातून तसं जमणार नाही. तो मूळचाच तुकडा आहे.”

“म्हणजे बावीस वर्षं कुणीतरी तो ठेवला होता.”

“हो.” तिने कुंचला पुसला. “तेव्हा तो शोधायला आमच्या घराची फरशीसुद्धा उकरली होती, बाई. आईच्या डब्यांतली पिठं चाळली होती.”

“पंख कुणी बसवला असेल? माझ्याकडे बघून सांगा.”

“माझ्यावर संशय घ्यायचा तर घ्या, पण माझ्या हाताचा अपमान नको. जोडाची कड वर आली आहे, रोगणात केस अडकलाय. बाबांनी असं काम केलं असतं तर त्यांनीच ते खरवडून काढलं असतं. म्हणून मामांचं भूतही मला पटत नाही.”

बाईंना प्रथमच हसू आले. त्यांनी ओल्या कापडाचे विचारले. मुलीने कोपऱ्यातले एक लाकडी कपाट दाखवले. हे रोगण म्हणजे पूर्वेकडच्या एका झाडाचा चीक. इतर रंग उन्हावाऱ्यात वाळतात. हा दमट हवेतच घट्ट होतो. कोरड्यात ठेवला तर महिनाभर चिकट राहतो. म्हणून कारागीर वस्तू ओलसर कपाटात ठेवतात, चार-पाच दिवस.

“पेटी तुमच्याकडे किती दिवस होती?”

“सोमवारच्या आधी पंधरा दिवस. इथेच. पंखाची जागा बाबांनी कामावरच्या शेवटच्या दिवशी खरवडून, अस्तर भरून तयार ठेवलेली होती. नुसता तुकडा ठेवायचा अवकाश. मी रोज बघायची. पण तुकडा कुठून आणू?”

“आणि त्या फोटोतला शिकाऊ? पट्ट्या कसल्या त्या?”

“नव्या माणसाला हा चीक सोसत नाही. दोन-तीन दिवसांनी अंग उठतं, बोटं सुजतात. बाबा पट्ट्या बांधायचे. माझं बालपण त्यातच गेलं, मला काही होत नाही. त्या मुलाचा चेहरा आठवत नाही. सहा महिन्यांतच गेला तो, वरच्या कचेरीत.”

बाईंनी पत्र टेबलावर ठेवले नाही. पिशवीतच राहू दिले.

*

साडेतीनला त्यांनी तिघांना दालनात बोलावले. बाहेर पाहुण्यांच्या खुर्च्या लावल्याचे आवाज येत होते. काचकपाट उघडे होते. सारस दोन्ही पंख पसरून उभा होता, आणि कोणाची छाती होईना त्याच्याकडे नीट बघायची. मामांनी नकळत हात जोडले.

“पेटी खरी आहे,” बाई म्हणाल्या. “मी भिंगाखाली पाहिली. चोरी झालेलीच नाही. उलट बावीस वर्षांपूर्वी चोरलेलं परत आलंय. कुणी आणलं, एवढाच प्रश्न आहे.”

संचालकांनी घड्याळाकडे पाहिले.

“मास्तरांच्या घरी हा तुकडा असता, तर त्यांनी तो त्याच दिवशी आणून स्वतःची अब्रू वाचवली असती. तेव्हा तो त्यांच्या घरचा नव्हे. तो ज्याच्याकडे होता, त्याला तो दाखवता येत नव्हता. दुसरं. ताईंना पंख बसवायचा असता तर पंधरा दिवस पेटी त्यांच्या टेबलावर होती आणि दमट कपाट पाठीशी होतं. दालनात येऊन जाळीत ओलं कापड कोण ठेवील? ज्याला कार्यशाळेत ही पेटी मागता येत नाही तो. पण ज्याला हे माहीत आहे की या रोगणाला ओल लागते. म्हणजे कधीतरी शिकलेला. पुरता न शिकलेला. जोडाची कडही तेच सांगते.”

“किल्ली तर—” मामा पुटपुटले.

“दोन किल्ल्या. एकीची वही आहे, दुसरीची नाही. सोमवारी ताई गेल्यावर, भर दिवसा, पडद्याआड, दुसऱ्या किल्लीने कपाट उघडलं. पंख बसवला. वाकताना तोल सावरायला आतून काचेवर तळहात टेकला. त्या हाताच्या तेलकटपणावर नंतर वाफ धरली नाही. तोच तुमचा पंजा, मामा. गुरुवारी येऊन कापड काढायचं, काच सुकवायची, असा बेत असणार. पंख पूर्वीपासूनच होता की काय, एवढाच लोकांना संभ्रम पडला असता. पण गुरुवारपर्यंत बोटं सुजली. कपाटाची किल्ली बोटाच्या पेराएवढी आहे. ती फिरेना. आणि मामांना ती फिरवायला सांगायची सोय नव्हती.”

खणाची किल्ली आपण मघाशी का फिरवली, हे मामांच्या आत्ता ध्यानात येत होते. साहेबही कधी मास्तरांकडे शिकाऊ होते, हे त्यांना इतक्या वर्षांनी आठवले. ते हळूहळू साहेबांकडे वळले.

“सही करतानासुद्धा हातमोजे काढले नाहीत तुम्ही,” बाई म्हणाल्या. “आता काढा.”

संचालकांना वेळ लागला. सुती कापड कातडीला चिकटले होते. आतून निघालेले हात लालभडक, फोडांनी भरलेले होते; बोटे एकमेकांना टेकत नव्हती. दारातल्या फोटोतला किडकिडीत तरुण त्यांच्या खांद्यावरून बघत असल्यासारखा दिसत होता.

“पेटी उचलताना माझी अंगठी अडकली,” ते म्हणाले. “पंख निघून तळहातावर पडला. इतका हलका, की काही घडलंय असं वाटेना. मी तो खिशात टाकला. सकाळी सांगणार होतो. सकाळी मास्तरांना आधीच वर बोलावलं होतं. मग संध्याकाळी सांगू म्हटलं.” त्यांनी काढलेल्या हातमोज्यांकडे पाहिले. “रोज संध्याकाळी.”

“आणि आज?” बाईंनी पिशवीतून पत्र काढले. “आज दुपारी दोनला तुम्ही यावर सही केलीत. तेव्हा वडील गेले, आता मुलगी. तेव्हा तुम्ही घाबरलेलं पोर होतात. आज कोण होतात?”

ते मुलीकडे वळले, आणि इतका वेळ जपलेली औपचारिकता गळून पडली.

“तुला एक सांगायला हवं. मी पंख बसवायला गेलो तेव्हा मला वाटलं होतं, जागा खरवडावी लागेल. तासभर लागेल. तुकडा ठेवला, आणि तो बसला. जागा तयार होती. त्यांना माहीत होतं गं. तुकडा कुणाकडे आहे, आणि तो कधीतरी येईल. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, जागा करून ठेवली. चार दिवस झाले, डोळे मिटले की ती जागा दिसते.”

मुलगी काचकपाटाशी गेली. नकळत तिने तळहात काचेवर टेकवला, वडिलांसारखा. मामांनी मान दुसरीकडे वळवली.

“बाबांनी तुमच्या हातांना पट्ट्या बांधल्या होत्या,” ती शांतपणे म्हणाली. “मला ते जमणार नाही. दप्तर आणा.”

मामा दप्तर घेऊन आले. बावीस वर्षांपूर्वीचे पान पिवळे पडले होते. ‘पंखाचा तुकडा कारागिराच्या हलगर्जीपणामुळे हरवला.’ बाईंनी निलंबनाचे पत्र फाडून त्याचे तुकडे आपल्याच पिशवीत टाकले. संचालक खुर्चीवर बसले. लेखणी सुजलेल्या बोटांत टिकेना. त्यांनी ती मुठीत धरली, लहान मुले धरतात तशी. बाहेर पहिले पाहुणे आले होते. कोणीतरी दारावर टकटक केली. मामांनी दाराला पाठ लावली.

मुलगी त्यांच्या खांद्याशी उभी राहून एकेक अक्षर वाचत होती. मास्तरांचा दोष नाही, असे लिहून झाले. स्वतःचे नाव लिहून झाले. मग ओळ पुढे सरकली: ‘माझ्याकडून हरवलेला तुकडा आज—’

“थांबा,” ती म्हणाली. “हरवलेला खोडा. लपवलेला लिहा.”

त्यांनी खोडले, आणि लिहिले.