पाव्हण्यांसाठी ठेका

“तुमच्या ग्रहावर पाणी आहे, झाडं आहेत, माणसंही चांगली आहेत. पण संगीत नाही. फक्त घरघर आहे.”

मिरजेच्या अतिथिशाळेच्या अंगणात दुभाष्याने हे शब्द वाचून दाखवले. दुभाष्या हा गुडघ्याएवढा यंत्रमानव. हे एवढं बोलणं पुरं व्हायची वाट बघत तो सकाळच्या चहापासून जमिनीला कान लावून बसला होता.

बोलणारे होते पाव्हणं. दूरच्या एका थंड ग्रहावरून ते आले होते. गवताच्या गंजीएवढे, काळेभोर, तीन जाड पायांवर उभे. ते तळपायांनी ऐकत आणि तळपायांनीच बोलत. त्यांचं खरं नाव उच्चारायला अर्धा तास लागला असता, म्हणून सगळा गाव त्यांना नुसतं ‘पाव्हणं’ म्हणे.

“मिरजेत येऊन संगीत नाही म्हणतात!” आफताब उसळला. “आमच्या घरात पणजोबांपासून तंबोरे बनतात. आणि ह्यांना घरघर?”

“हळू बोल की. ऐकतील,” कस्तुरी म्हणाली.

“ऐकेपर्यंत मी घरी जाऊन जेवून येईन.”

कस्तुरी हसली नाही. आठवडाभर पाव्हण्यांपुढे सनईवाले वाजवून गेले, बँडवाले वाजवून गेले. काल तिने स्वतः केलेली बीट ऐकवली होती. बारा वर्षांच्या आयुष्यातली तिची ती सगळ्यांत चांगली बीट होती. तीही घरघरच ठरली. आज सूर्य मावळताना पाव्हण्यांचं यान निघणार होतं. ते घरी पोचले की पृथ्वीबद्दल तिकडे हेच सांगितलं जाणार होतं.

ती तडक इंदूअक्कांकडे गेली. डॉक्टर इंदुमती शिंदे ध्वनिशास्त्रज्ञ होत्या आणि पाव्हण्यांची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती.

“अक्का, पाव्हण्यांच्या ऐकण्यात काही बिघाड आहे का?”

“बिघाड नाही गं. सावकाशपणा आहे. आपले शंभर सेकंद जातात, तेव्हा त्यांचा एक सेकंद होतो.” अक्कांनी आपली सायकल उलटी करून सीटवर उभी केली आणि मागच्या चाकाच्या तारांना लागेल असा एक पुठ्ठा धरला. “आफताब, पायडल फिरव. अगदी हळू.”

टक्... टक्... टक्...

“काय ऐकू येतंय?”

“ठेका,” कस्तुरी म्हणाली.

“आता जोरात.”

टकटकटक करत पुठ्ठा टर्रर्र वाजू लागला. आफताबने आणखी जोर लावला आणि त्या टर्रर्रमधून एक सलग ‘ऊंऽऽ’ निघाला.

“आणि आता?”

“सूर!” कस्तुरीचे डोळे मोठे झाले. “पण पुठ्ठा तोच आहे.”

“चाकही तेच आहे. बदलली फक्त वारंवारता (एखादी गोष्ट एका सेकंदात किती वेळा घडते ती संख्या). सेकंदाला वीसपेक्षा कमी ठोके असले, तर आपल्याला ते सुटे कळतात. त्यापेक्षा जास्त झाले की कान त्यांचा सूर करून टाकतो. ठेका आणि सूर मुळात एकच. फरक वेगाचा.”

“म्हणजे आपल्या ठेक्याचा पाव्हण्यांना सूर ऐकू यायला हवा. मग माझ्या बीटची घरघर का झाली?”

“ते मलाही माहीत नाही,” अक्का म्हणाल्या. “शोधून काढ. तुझ्या संगणकावर ती शंभरपट वेगाने वाजव, म्हणजे पाव्हण्यांच्या पायांनी ऐकल्यासारखं होईल.”

कस्तुरीने तसं केलं. खर्रर्र! वाळूवरून पत्रा ओढावा तसा आवाज आला. आफताबने कानांवर हात ठेवले.

कस्तुरीची बीट सँपलांची होती. सँपल म्हणजे ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजातून कापून घेतलेला छोटा तुकडा. असे तुकडे निवडायचे, एकमेकांवर रचायचे आणि त्यांचा फेरा (तोच तुकडा खंड न पडता पुन्हा पुन्हा वाजवणं) चालू ठेवायचा, की बीट तयार होते. तिने या बीटमध्ये आपले सगळे लाडके आवाज घातले होते. पितळी परातीचा झणत्कार, हळद पॉलिश करणाऱ्या पिंपाची खडखड, रिक्षाचा भोंगा, कृष्णेच्या घाटावर कपडे धोपटल्याचा आवाज, आफताबच्या घरच्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर मारलेली टिचकी आणि आणखी कितीतरी.

“मी आधीच सांगत होतो,” आफताब म्हणाला. तो कस्तुरीच्या बीटवर रॅप करायचा. “तुझ्या बीटमध्ये मला तोंड उघडायला जागा नसते. पंगतीत सगळे वाढपी एकदम एकाच पानावर यावेत तसं होतं.”

कस्तुरीने एकेक सँपल सुटं करून शंभरपट वेगाने ऐकलं. हळदीच्या पिंपाचा नुसता फुफाटा झाला. त्या खडखडीत कुठलीच गोष्ट ठरावीक वेळाने परत येत नव्हती आणि जे परत येत नाही, त्याचा सूर होत नाही. परातीचा झणत्कार इतका लांबत होता, की एक ठोका विरायच्या आत दुसरा त्यावर येऊन पडायचा. सगळा चिखल. परात तिची सर्वांत लाडकी होती. तिने एक सुस्कारा सोडला आणि परात काढून टाकली.

शेवटी दोनच सँपलं उरली. धोपटण्याचा धप् आणि भोपळ्याचा टॉक्. दोन्ही आखूड आणि ठाम.

धोपटण्याचं सगळं ध्वनिमुद्रण तिने वेगाने वाजवलं. सूर निघाला, पण तापात कण्हल्यासारखा थरथरत होता. धुणाऱ्या बाईंचा हात प्रत्येक वेळी थोडा पुढेमागे पडला होता. मग कस्तुरीने एकच धप् कापला आणि तो अगदी समान अंतरावर लावला. आता सूर स्वच्छ आला.

“जमलं!” ती ओरडली आणि तिने तोच ठेका आफताबला नेहमीच्या वेगाने ऐकवला. धप्. धप्. धप्. धप्.

“हे काय? नळ गळतोय?”

“अरे, सरळ आहे तो ठेका.”

“सरळ आहे म्हणूनच मेलाय. ह्याच्यावर मी काय म्हणू? पाढे?”

कस्तुरीला राग आला, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. पाव्हण्यांना सूर मिळाला, तर आपल्या माणसांना ठेका मिळत नव्हता. असलं निर्जीव काही ‘आमचं संगीत’ म्हणून पाव्हण्यांना द्यायचं तिच्या जिवावर आलं. तिने घाटावरचं मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं. एक जोरदार धप्, मग कपडा उलटायला लागणारा अर्धा श्वास आणि मग जरा उशिरा आलेला हलका धप्. त्या उशीर करण्यातच सगळी मजा होती. ऐकताना मान आपोआप डोलत होती.

तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं. तिने एकटा ठोका न घेता जोरदार आणि हलका अशी अख्खी जोडी उचलली, मधल्या उशिरासकट. तुकड्याचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला इतकं नेमकं जुळवलं, की सांधा कळेना. एका सेकंदाला एक फेरा. मग वेग शंभरपट केला.

सूर आला. स्वच्छ, आणि आधीपेक्षा भरदार!

“अक्का, ठोका वाकडा आहे, तरी सूर सरळ कसा?”

अक्का मनापासून हसल्या. “वाकडा आहे, पण दर फेऱ्याला तेवढाच वाकडा आहे. सुराला सरळपणा लागत नाही, कस्तुरी. पुनरावृत्ती लागते. फेऱ्याच्या आतली वळणं सुराचा पोत ठरवतात. तंबोरा आणि बासरी एकाच सुरात असल्या, तरी आपण त्यांना वेगवेगळं ओळखतो, ते त्यामुळेच.”

आता भोपळा. कस्तुरीने त्याचा फेरा अंदाजाने लावला, तर दोन सूर एकमेकांवर खरखरू लागले. तिने तो किंचित लांबवला, मग आखडला. कपड्याचे दोन फेरे होतात तेवढ्यात भोपळ्याचे बरोबर तीन झाले, तेव्हा खरखर थांबली. दोन्ही सूर हातात हात घालून उभे राहिले.

“अगं, हे तर सा आणि प!” आफताब उडालाच. “आमच्याकडे दिवसभर हेच लावत असतात!”

“दोनास तीन,” अक्का म्हणाल्या. “संख्यांचं नातं जितकं साधं, तितके सूर एकमेकांत मिसळतात. आणि ठेकेही.”

ऊन कलायला लागलं होतं. त्यांनी ध्वनिवर्धक पालथे करून पाव्हणं उभे होते त्या फळ्यांवर ठेवले. कस्तुरीने कळ दाबली. फळ्या नाचू लागल्या. कपड्याचा लंगडता ठेका, त्यावर तिरका पडणारा भोपळा, आणि मधे ऐसपैस जागा. आफताब त्या जागेत शिरला आणि घाटावर, कृष्णेवर, मिरजेवर जे सुचेल ते म्हणू लागला. अंगणातली माणसं टाळ्या देऊ लागली. पाच मिनिटं हा दंगा चालला. पाव्हण्यांसाठी ते जेमतेम तीन सेकंद होते.

मग सगळे थांबले आणि वाट बघू लागले. सावल्या लांबल्या. यानावर दिवा लागला. पाव्हणं तसेच उभे.

“आवडलं नाही वाटतं,” कस्तुरी पुटपुटली.

तेवढ्यात फळ्या हलल्या. धप्. धप्. धप्.

“आफताब, कळ बंद कर ना.”

“बंदच आहे!”

ठोके पाव्हण्यांच्या पायांतून येत होते. दुभाष्या गोंधळून गोल गोल फिरला. “हे वाक्य नाही. भाषांतर होत नाही.”

कस्तुरीने झटकन आपले फेरे पुन्हा चालू केले आणि बोटांवर मोजू लागली. कपड्याचे चार होतात तोवर भोपळ्याचे सहा. आणि पाव्हण्यांचे... पाच! तिने तिन्ही मिळून शंभरपट वेगाने वाजवलं. सा, ग, प. मधली रिकामी जागा पाव्हण्यांनी आपल्या सुराने भरली होती.

“ते गातायत,” अक्का हळूच म्हणाल्या. “त्यांचा सूर आपल्याला ठेका होऊन ऐकू येतोय.”

आफताबने त्या नव्या ठेक्यावर उडीच घेतली. कस्तुरीने ध्वनिमुद्रण चालू केलं. परग्रहावरचं सँपल आजवर कुणाकडे होतं?

यान बरंच उशिरा निघालं, कारण जाण्याआधी पाव्हण्यांना एक वाक्य बोलायचं होतं. दुभाष्याने ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मोठ्याने वाचलं:

“आधीचं खोडा. आणि पुन्हा वाजवा.”

“अक्का,” यानाचा दिवा आकाशात बारीक होत गेला तेव्हा कस्तुरीने विचारलं, “दुसऱ्या ग्रहांच्या जमिनीची थरथर तिथली आपली यंत्रं नोंदवतात ना? तीही कुणी वेगाने वाजवून बघितलीय का?”

“सगळी नाही,” अक्का म्हणाल्या. “उद्या सकाळी ये. आणि त्या आफताबला सांग, नाश्ता करूनच ये म्हणावं.”