डाव्या पायाला सुट्टी

जालना रोडवरच्या शोरूममध्ये सुरेखाआत्या एका चकचकीत छोट्या गाडीत बसली आणि तिला उठताच येईना. सीट फार खाली होती. सेल्समन मायलेजचे आकडे सांगत होता, तनुजा आत्याचा दंड धरून ओढत होती आणि आत्या ओशाळून हसत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, असं ओढून नाय उठता यायचं. आधी दोन्ही पाय बाहेर काढा... हां. आता दाराला नका धरू, माझा हात धरा."

आत्या अलगद उभी राहिली. तनुजानं वळून पाहिलं आणि तिचा हात तसाच हवेत राहिला. तो विश्वजीत होता. गालावर दाढी आली होती, कपाळ थोडं रुंद झालं होतं, पण एका पायावर भार देऊन उभं राहायची तऱ्हा तीच होती.

"तनुजा," तो म्हणाला. नुसतं नाव घेतलं, आणि गाडीच्या टपावर बोटं वाजवत राहिला.

तनुजा आणि विश्वजीत दोघं पाचोडचे, एकाच गल्लीतले. आत्या तेव्हा पाचोडहून शहरात शाळेवर गणित शिकवायला यायची, स्वतः गाडी चालवत. अख्ख्या गावात गाडी चालवणारी ती एकच बाई. कॉलेजला जाणारी ही दोन पोरं तिच्याबरोबर यायची. तनुजा पुढं, विश्वजीत मागं. हिवाळ्यात काचा धुरकटायच्या. विश्वजीत मागच्या काचेवर बोटानं काहीबाही लिहायचा, आणि तनुजा आरशातून ते उलटं वाचायची. दीड वर्ष हे चाललं. मग एका सोमवारी तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी तो तिला एसटीच्या थांब्यावर पाठमोरा दिसला, तिसऱ्या दिवशीही. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि तनुजानं विचारलं नाही. पुढं ती नोकरीला पुण्याला गेली. त्या सोमवाराला आता अकरा वर्षं झाली होती.

आता आत्या अडुसष्ट वर्षांची होती आणि शहरात, उस्मानपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती. आठ महिन्यांपूर्वी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून क्लच दाबला की तिच्या डोळ्यात पाणी यायचं. जुनी गाडी विकून टाकावी लागली. घरचे म्हणाले, या वयात गाडी कशाला, ड्रायव्हर ठेव. आत्यानं ऐकलं नाही. दर बाजारच्या दिवशी मनकर्णाबाईला भेटायचं, हा तिचा तीस वर्षांचा नेम होता; शहरात राहायला आल्यावरही त्यासाठी ती पाचोडला जायची. मनकर्णाबाई तिची बालमैत्रीण. तिला आता अंथरुणावरून उठता येत नव्हतं, आणि आठ महिने दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं. म्हणून तनुजा तीन आठवडे घरून काम करायची परवानगी काढून आली होती. आत्याला जमेल अशी, क्लच नसलेली छोटी ऑटोमॅटिक गाडी घेऊन द्यायची आणि मगच परत जायचं, असं तिनं ठरवलं होतं.

विश्वजीतचं पैठण रोडला वर्कशॉप होतं. ज्यांचे हातपाय नीट चालत नाहीत, त्यांच्यासाठी तो गाड्यांत बदल करून द्यायचा, आणि चालवायलाही शिकवायचा; त्या कामासाठी शोरूममध्ये त्याचं जाणं-येणं असायचं. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला की लगेच काही घेऊ नका, आधी माझी ऑटोमॅटिक चालवून बघा. बाईंच्या पायाला सवय होते का ते कळू द्या.

रविवारी सकाळी तिघं दौलताबादकडं निघाले. कोवळं ऊन पडलं होतं, रस्त्याच्या कडेला पेरूच्या पाट्या लागल्या होत्या. आत्या मजेत चालवत होती. विश्वजीत तिच्या शेजारी बसला होता आणि मागं तनुजा. आरशात त्याचे डोळे दोनदा तिला सापडले. दोन्ही वेळा त्यानंच आधी नजर वळवली.

किल्ल्याजवळच्या जुन्या दरवाजातून एका वेळी एकच गाडी जाते. आत्या आत शिरणार, तोच समोरून टेम्पो आला. चाळीस वर्षांच्या सवयीनं आत्याचा डावा पाय क्लच शोधायला गेला आणि सगळ्या जोरानं ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी थांबली. आत्याचा चष्मा उडाला, तनुजाचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं. मागची गाडी वीतभर अंतरावर येऊन थांबली.

आत्यानं विश्वजीतला गाडी कडेला घ्यायला सांगितलं आणि ती उतरली. पेरूवाल्या बाईच्या बाकड्यावर जाऊन बसली. तिथूनच ती म्हणाली, "बास झालं. मनकर्णाला फोन करत जाईन."

तनुजाला रडू आलं. आत्याला हार मानताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. विश्वजीत आत्यापुढं उकिडवा बसला.

"बाई, चूक तुमची नाय, पायाची बी नाय. त्याला चाळीस वर्षं काम होतं, आता एकदम सुट्टी दिली. रिकामा बसायचं कसं, ते त्याला कुठं ठाऊक? आठ सकाळी द्या मला. नवव्या दिवशी नको वाटलं तर सोडून द्या."

आत्यानं त्याच्याकडं पाहिलं. पोरांनी गणित सोडून दिलं की ती अशीच बघायची. मग तिनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशीच त्यानं गाडीत ब्रेकच्या डावीकडं, पायाला टेकू मिळेल अशी जाड रबराची पट्टी बसवली. गाडी चालू असेतोवर डावा पाय तिच्यावर दाबून ठेवायचा, इतकंच त्याला काम. रोज सकाळी सात वाजता तिघं आमखास मैदानावर जायचे. पहिले दोन दिवस विश्वजीत शेजारी बसला. तिसऱ्या दिवशी आत्यानंच त्याला उतरायला सांगितलं.

मग आत्या मैदानाला चकरा मारायची आणि ही दोघं कडेला चहाचे कप धरून उभी राहायची. थंडीनं तनुजा स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घ्यायची.

"पुण्यात थंडी नाय का?" त्यानं एकदा विचारलं.

"आहे की. पण तिथं सात वाजता मैदानात उभं करणारा कुणी नाही."

तो हसला, आणि चहा सांडला.

गप्पांना वळण लागत गेलं. कुणाचं लग्न झालं, गल्लीतला कोणता ओटा पाडला, कॉलेजसमोरचा भजीवाला कुठं गेला. त्याच्यासाठी दोन ठिकाणी मुली पाहून झाल्या होत्या, पण गॅरेज म्हटल्यावर दोन्हीकडच्या वडिलांनी नाक मुरडलं होतं. तनुजाचं एका ठिकाणी ठरत आलं होतं, ते तिनंच मोडलं. कारण त्यानं विचारलं नाही. मात्र त्या दिवशी तो जरा जास्तच शीळ घालत होता.

सहाव्या सकाळी तनुजानं विचारलंच. "गाडीत यायचं का बंद केलंस?"

त्यानं आत्याच्या गाडीकडं नजर वळवली. "नापास झालो होतो... गणितात. बाईंच्या गाडीतून रोज जायचं, आणि गणितातच नापास. लई लाज वाटली. बाईंनी काही म्हटलं नसतं. पण तू पुढच्या सीटवर असायचीस ना."

"मी रोज थांब्याकडं बघायचे, विश्वजीत. गाडी पुढं गेली तरी मान वळवून बघायचे. आत्या ओरडायची."

"मला ठाऊक होतं," तो हळूच म्हणाला. "म्हणून तर पाठमोरा उभा राहायचो."

तनुजाला त्याचा राग आला, आणि एकोणीस वर्षांच्या त्या पोराची कीवही आली. स्वतःचीही आली थोडी. एक प्रश्न विचारायला अकरा वर्षं लागली होती. तेवढ्यात आत्यानं दोघांच्या पुढ्यात गाडी अशी अलगद आणून थांबवली की मैदानातली धूळही उडाली नाही.

नवव्या दिवशी सोडून देण्याचा विषयच निघाला नाही. आत्या वही घेऊन शोरूम हिंडली. एका गाडीत गिअर आपोआप बदलताना दर वेळी हिसका बसायचा, ती तिनं बाद केली. दुसरीचं दार पुरतं उघडत नव्हतं. तिसरीची सीट बरोबर कमरेच्या उंचीला होती, बसताना वाकायला नको आणि उठताना कुणाचा हात नको. चढावर ती मागं सरकत नव्हती, चारी कोपरे बसल्या जागेवरून दिसत होते. रंग तेवढा एकच शिल्लक होता, जांभळ्या वांग्यासारखा. तनुजानं तोंड वाकडं केलं. आत्या म्हणाली की मी आत बसणार आहे, रंग लोकांनी बघायचाय.

गाडी मिळाली ती बाजारच्या दिवशीच. पैठण रोडच्या वर्कशॉपमध्ये विश्वजीतनं रबराची पट्टी तिच्यात बसवून दिली. तनुजा पुढचं दार उघडायला गेली, तर आत्यानं आतून कडी लावली.

"मला एकटीला जाऊ दे," काच खाली करून ती म्हणाली. "मनकर्णाला म्हटलंय, मी माझी मी येते. तुझी पुण्याची बस परवा आहे ना? मग आजचा दिवस तुमचा. अकरा वर्षं दोघांनी तोंडं शिवून घेतली, आता बोला काहीतरी."

वांगी रंगाची गाडी रस्त्याला लागली, दिवा दाखवून पाचोडच्या दिशेला वळली आणि उसाच्या ट्रॅक्टरमागं दिसेनाशी झाली.

दोघं फाटकात उभे होते. विश्वजीत हाताला लागलेलं ग्रीस फडक्यानं पुसत होता, निघून गेलं तरी पुसतच होता.

"मला महिन्यातून एकदा पुण्याला यावं लागतं," तो म्हणाला. "सुटे भाग आणायला."

"एकदाच?"

"आता... दर आठवड्याला लागतील, असं वाटतंय."

"आणि भाग मिळाले नाहीत तर?"

"तर तुला भेटून परत येईन." फडकं त्यानं खिशात कोंबलं. "नीट सांगतो, तनुजा. मला तू तेव्हाबी आवडायचीस, आताबी आवडतेस. मधल्या वर्षांत विसरायचा प्रयत्न करून बघितला. नाय जमलं."

तनुजाच्या डोळ्यांत पाणी भरलं आणि ओठांवर हसू आलं, दोन्ही एकदमच. तिनं फोन काढला, परवाचं तिकीट रद्द केलं आणि स्क्रीन त्याच्यासमोर धरली.

"कंपनीकडून अजून आठ दिवस मागून घेते," ती म्हणाली. "आई-बाबांना भेटायला तू कधी येतोस, तेवढं सांग."