नटाचा गुडघा

दवाखान्याच्या इमारतीच्या जिन्यात एक माणूस कठडा धरून, एक पाय ओढत, कसाबसा उतरत होता. फिजिओथेरपिस्टने हातातला जेवणाचा डबा पायरीवर ठेवला, त्याचा दंड धरला आणि हळूहळू त्याला खालपर्यंत नेलं.

"आभारी आहे," तो म्हणाला. "म्हणजे जमतंय." आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाला.

वर तालमीची खोली होती आणि तो नट होता. त्याला मालिकेत लंगड्या काकाचं काम मिळालं होतं. ती डब्यापाशी परत येईपर्यंत त्यात मांजराने तोंड घातलं होतं.

"अगं, तो सगळ्या मालिकांत असतो," घरी आई म्हणाली. खरंच होतं. पंधरा वर्षांत तो खुनी झाला, न्यायाधीश झाला, नायिकेचा बाप झाला. नायक तेवढा व्हायचा राहिला होता.

वर्षभराने तो तिच्याच दवाखान्यात शिरला. लंगडत.

"तालीम वरच्या मजल्यावर," ती म्हणाली.

"आज खरंच दुखतंय."

खोटं लंगडून खरा गुडघा बिघडला होता. तिने कपाळावर हात मारला आणि उपचार सुरू केले.

"घरी व्यायाम केलात?"

"काकाने केला. मी बघत होतो."

"मग पुढच्या वेळी काकांना पाठवा."

"काकाला डॉक्टर आवडत नाहीत. मला मात्र…"

"पाय सरळ."

तिला हसू यायचं, आणि ते येतं म्हणून जास्तच चीड यायची. त्याची वेळ टळून गेली की उगाच दाराकडे लक्ष जायचं — त्याचीही चीड.

मग एक दिवस तो उजळलेल्या चेहऱ्याने आला. सिनेमा मिळाला होता. नायकाचं काम. डोंगरावर धावायचं होतं.

"आधी लंगडणं बंद," ती म्हणाली. "नाहीतर गुडघा कायमचा जाईल."

"मालिकेवर घर चालतं माझं."

"मग मला कशाला विचारता?"

तो निघून गेला. त्यानंतर फिरकलाच नाही. दारात पाऊल वाजलं की ती मान वर करायची, आणि स्वतःवरच वैतागायची.

एका संध्याकाळी आई टीव्हीसमोर डोळे पुसत होती. काका मेला होता.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात उभा.

"लेखकाला मीच सांगितलं, मारून टाक म्हणून," तो म्हणाला. "पण सिनेमावाले गुडघ्यासाठी थांबले नाहीत. दुसरा घेतला. आता माझ्याकडे एकही भूमिका नाही."

त्याचे ओठ हलले, शब्द फुटेना.

"संवाद विसरलात?" तिने हळूच विचारलं.

"कुणी लिहून दिले नाहीत ना…" त्याने घसा खाकरला. "तुम्ही मला रोज रागवाल का?"

"रोज कशाला? गुडघा दीड महिन्यात बरा होईल."

"गुडघा होईल."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"एवढं बोलायला एवढे दिवस लावलेस, तेही दुखऱ्या पायावर उभं राहून. बस आधी. पाय वर घे."

तो बसला. मग थबकला. "तू मला 'बस' म्हणालीस."

"पाय वर," ती म्हणाली. पण गुडघ्यावर ठेवलेला हात तिने उचलला नाही.